कासमभाईंसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

शुक्र. ९ जाने. ८१, मनामा
सुट्टी. नईम मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत मी आणि कासमभाई दोघंच. रत्नागिरीहून त्यांच्या बायकोची, जुबेदाभाभींची कॅसेट आलीय. सकाळपासून तिसऱ्यांदा लावली. आवाज पूर्ण मोठा, यांचा कान टेपरेकॉर्डरच्या जाळीला चिकटलेला. शेजारचा पठाण भिंत ठोकतो. तेही यांना ऐकू येत नाही.
वीस वर्षं आगबोटीच्या इंजिनरूममध्ये, मग इथे बर्फाच्या कारखान्यात. दुसरं काय होणार.

रवि. ११ जाने.
घोळ. ती कॅसेट आज मी ऐकली. भाभी विचारतायत, पोरीची, शमीमची शाळा सोडवून लग्न ठरवू का? यांना कळलंच नव्हतं. "तू करशील ता बरोबर" असं उत्तर भरून मोकळे! उत्तराची कॅसेट कालच्या विमानाने गेली, कुणाच्या तरी हाती.
ओरडून म्हटलं, "पत्र लिहा."
"तिला वाचता येत नाय. माझा धाकला भाव वाचून दावनार. त्यालाच तर हा लगीन हवाय."
लगेच दुसरी कॅसेट भरली: थांब, काय ठरवू नको. पोस्टाचा भरवसा नाही, न्यायला माणूस नाही.

बुध. १४ जाने.
कानाचं मशीन आवाक्याबाहेरचं. हेडफोन लावून आवाज वाढवला तर? टेपरेकॉर्डरमध्ये तेवढी ताकद नाही, मधे ॲम्प्लिफायर हवा. कुडाळला रेडिओ दुरुस्त करायचो, म्हणजे मलाच करायला हवा.
इंग्रजी मासिकात तयार संच आहे, पोस्टाने येतो. फोटो देखणा. यांचा दीड महिन्याचा पगार. सोडला. त्याच अंकात दोन व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा नकाशा, स्वस्त, पण त्याला वेगळ्या जातीचे हेडफोन लागतात. ते इथे मफी, मिळतच नाहीत. ट्रान्झिस्टरचा सोपा पडेल म्हणतात. मला येतात ते व्हॉल्व्हच. इथे एसी दुरुस्त करता करता बाकीचं शिकायचं राहून गेलं.
उरला मोडका रेडिओ.

शुक्र. १६ जाने.
रेडिओवाला कुट्टी हसला. "सावंत, ये लेके क्या करेगा? खलास माल है." पण माळ्यावरून एक काढून दिला. व्हॉल्व्ह दोन चांगले, ट्रान्सफॉर्मर शाबूत. साधे हेडफोन चालतील. ठरलं, हाच.

बुध. २८ जाने.
कोपरापर्यंत झटका. घुरघुर थांबत नव्हती, तार पत्र्याला टेकलेली. आता स्वच्छ वाजतोय. माझ्या कानाला तरी.

शुक्र. ३० जाने.
व्हॉल्व्ह तापेपर्यंत कासमभाई टोपी हातात घेऊन बसले होते. हेडफोन चढवले. चेहरा असा उजळला! "आली! आली रे!"
मग दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. त्यांनी हळूच हेडफोन काढले.
"आवाज येतो, सावंत. शबद येत नाय."

सोम. २ फेब्रु.
थांब म्हणून भरलेली कॅसेट आज गेली, दापोलीच्या ड्रायव्हरबरोबर. बावीस दिवस उशिरा.
दोन व्हॉल्व्ह बदलून पाहिले. एक कंडेन्सर बदलला. दोष त्यात नाही, माहीत आहे मला. तरी बदलत बसतो.

गुरु. १२ फेब्रु.
दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आतली नसच गेली, कितीही मोठं केलंत तरी. कासमभाई बाहेर बाकावर. "काय बोलला?"
"औषध लिहून दिलंय," म्हटलं.

शुक्र. २० फेब्रु.
ड्रायव्हर परत आला. भाभींची कॅसेट घेऊन. कासमभाईंनी स्वतःच ॲम्प्लिफायर लावला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. "तू ऐक नि सांग. लगीन रहला का झाला?"
समोर बसून माझ्या ओठांकडे बघत राहिले.
खरखर. कोंबडं आरवलं. मग भाभी, अगदी कानाशी: "आधी जवल कोन आसल त्याला भायेर पाठवा. मंग ऐका. हा तुमच्या एकल्यासाठी हाय."
थांबल्या. तिकडे वाट बघतायत जणू, माणूस बाहेर जाईपर्यंत.
मी बटण दाबून टेप बंद केली.
"काय बोलते?" दोनदा विचारलं, मोठ्याने.
ओरडूनच सांगावं लागलं: टेप अडकली. दुसरं काही सुचेना.
हे लिहितोय. पलीकडे खाटेवर बसून कासमभाई कॅसेटमध्ये पेन्सिल घालून रीळ फिरवतायत, टेप तुटू नये म्हणून अगदी सावकाश.