डावी पट्टी

सॅन अँजेलो, टेक्सस
४ मे १९५६

ती. व्हर्नाताईस, सा. न. वि. वि.

रिव्हॉल्व्हरच्या मुठीची डावी पट्टी आत्ता निघाली. स्क्रू गंजून बसला होता, तेल पाजून पाजून हलला. जुना हस्तिदंत बिस्किटासारखा तुटतो, म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो. डोरिस म्हणाली, लग्नात माझा हात धरतानाही तू इतका घाबरला नव्हतास.

नळीला चांदीचं पॉलिश तूच लावलंस ना? त्यातल्या अमोनियाने निकेल सुटतं. चक्राजवळ चट्टा पडलाय. पुन्हा हात लावू नकोस.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर नव्यासारखं चमकायला हवं, हा पपांचा हट्ट मला ठाऊक आहे. कोर्टातल्या काचेच्या पेटीत ते ठेवायचं, एमेट टॅकेटने याच रिव्हॉल्व्हरने घोडेचोर पळवून लावले अशी पाटी लावायची आणि पडदा पपांनी ओढायचा. डॅलसचा एक माणूस नवा मुलामा देतो, पट्ट्याही नव्या बसवतो. पण पाठवण्याआधी एक विचारतो. उजव्या पट्टीवर कोरलेल्या बैलाची शिंगं अजून बोटाला टोचतात. उजव्या हाताच्या तळव्याखाली ती केव्हाच गुळगुळीत झाली असती. डावी पट्टी मात्र झिजून खोलगट झाली आहे. आजोबा डावखुरे होते का?

लोभ आहेच, तो पॉलिशपायी कमी करू नये.
तुझा,
ऑर्विल


अल्पाइन
९ मे १९५६

चि. ऑर्विल यास अनेक आशीर्वाद.

पॉलिश मीच लावलं आणि छान दिसत होतं. तू लहानपणापासून असाच कटकट्या.

आजोबा उजवे. दोर फेकायचे उजव्या हाताने, सही करायचे उजव्या हाताने. डावखुरी होती आजी. आठव, तिची थप्पड नेहमी आपल्या उजव्या गालावर बसायची. कोपराला कोपर लागू नये म्हणून आजोबा जेवताना तिला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवायचे.

हे लिहिलं आणि कळलं, ती मूठ आजीच्या हाताने झिजली आहे.

पपांना यातलं काही कळवू नकोस. मम्मा गेल्यापासून त्यांच्याकडे सांगायला, आजोबांनी खिडकीतून गोळ्या झाडून घोडेचोर पळवून लावले, ही एकच गोष्ट उरली आहे. न्हाव्याकडे गेले तरी तीच. न्हावी म्हणतो, मिस्टर टॅकेट, चोरांना या वेळी तरी घोडे नेऊ द्या. त्यावरही पपा खूश होतात. या वयात त्यांच्या वडिलांना त्या खिडकीतून खाली उतरवायचं नाही. मुलामा दे, पट्ट्या बदल आणि विषय संपव.

डोरिसला माझी आठवण सांग. तुझी माया माझ्यावर राहू दे, कटकट नको.
व्हर्ना


सॅन अँजेलो
१५ मे १९५६

ती. व्हर्नाताईस, सा. न. वि. वि.

माझ्याच्याने होत नाही. नवा मुलामा चढवायचा तर आधी जुनं निकेल काढून धातू घासतात. पट्ट्या तर फेकूनच देतात. म्हणजे आजीचा हात जिथे होता ते सगळंच जाणार. पुन्हा ते कुणालाही सिद्ध करता येणार नाही, पपांना नाही आणि मलाही नाही.

मी फक्त मळ काढला, आतून तेल दिलं आणि नवी स्प्रिंग बसवली. चट्टा तुझा आहे, तोही तसाच ठेवला. डोरिसचा भाऊ तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. डॅलसला पाठवायचं असेल तर तू पाठव. मी रागावणार नाही.

थोडा रागावेन. तरी लोभ असू द्यावा.
ऑर्विल


अल्पाइन
२१ मे १९५६

चि. ऑर्विल यास आशीर्वाद.

मी दुकानात गेले होते. परत येईपर्यंत पपांनी तुझं पार्सल फोडलं होतं. रिव्हॉल्व्हर मांडीवर. हे चमकत का नाही, असं विचारलं. मी काहीतरी सांगायला लागले, तर म्हणाले, पोराने मूठ पाहिली ना?

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते तेव्हा लहान होते, पलंगाखाली. आजोबा वासरं विकायला फोर्ट डेव्हिसला गेलेले. चोर घोड्यांपर्यंत पोचले, तेव्हा आजीने खिडकीतून गोळ्या झाडल्या. चोर गेल्यावर तिने पपांना बाहेर ओढलं आणि बजावलं, कुणीही विचारलं तर तुझा बाप घरी होता. हे घर आठवडेच्या आठवडे पुरुषाशिवाय असतं हे कळलं, तर आणखी चोर येतील. आजोबांनीही ते पाळलं. लोक शाबासकी द्यायला लागले की ते उठून तबेल्यात जायचे. आपल्याला वाटायचं, काय विनय आहे माणसाचा!

मी म्हटलं, आजीला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला? पपा म्हणाले, आईने तसं बजावलं होतं, नंतर मला त्यातून कधी मोकळं केलं नाही. आणि इतक्यांदा सांगून आता खिडकीत बापच दिसतो. मी म्हटलं, आता कोण येणार आहे घोडे चोरायला, दारात तुमचा फोर्ड उभा आहे. तेव्हा हसले. पण पाटीचं काय ते बोलले नाहीत. बीन्स आणि मक्याची पोळी दोनदा घेतली आणि झोपायला गेले.

मी डॅलसला काही पाठवत नाही. तुझ्यावरचा लोभ वाढलाय, चढून जाऊ नकोस.
व्हर्ना

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. आज सकाळी पपांनी कोर्टातल्या कारकुनाला फोन केला, पाटीवर आईचं नाव घाला म्हणाले. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, मिसेस एमेट टॅकेट असं लिहू का? पपा म्हणाले, नाही, लवीनिया. मग फोन ठेवला आणि अंडी थंड झाली म्हणून माझ्यावर ओरडले.