साहेब आले की सुकणारी भिंत

दि. ३ फेब्रुवारी

चि. छबूस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीचं काय झालं असं तू विचारलंस. काहीच झालं नाही, आणि का झालं नाही ते मला समजलेलं नाही.

ओट्याच्या मागे, नळाच्या जरा वर, भिंत ओली राहते. आधी नुसता डाग होता. तुझे दादा गेल्यानंतर तो वाढत गेला आणि आता पाणी ओघळून ओट्यावर येतं. हिरव्या रंगाचे पोपडे ताटात पडतात. शेवटी वसाहतीच्या ऑफिसात जाऊन तक्रार दिली. खिडकीतली बाई चांगली आहे, मान वर न करता सगळं ऐकून घेते. म्हणाली, माणूस उद्या येईल, नाहीतर परवा.

मग मी घर माणसात आणलं. तुला तुझ्या दादांची पद्धत आठवत असेल. कारागीर यायचा म्हटलं की ते आदल्या दिवशीच जिन्यातला आपल्या पाण्याचा कॉक बंद करायचे आणि बादल्या भरून ठेवायचे. येणाऱ्याला खोळंबायला नको, अंगावर पाणी उडायला नको. मीही तसंच केलं. भिंत पुसली, टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून लावला. ओल्या भिंतीवर कुणी काम कसं करणार?

आले ते परवाच. कानावर पेन अडकवलेलं होतं, म्हणून मी त्यांना पेनवाले साहेब म्हणते. त्यांनी भिंतीला तळवा लावला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, भिंत कोरडी आहे, डाग जुना आहे. मी म्हटलं, अहो, आत्ता आत्तापर्यंत गळत होती. ते म्हणाले, आज गळत नाही. तेही खरंच होतं.

ते गेल्यावर कॉक उघडून भांडी घासली. दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा रडायला लागली. मला तर वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीचा संशय येतो, पण ती दिवसभर मशीन चालवते, तिला एवढं पाणी लागेल कशाला?

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो ओला ठेव. भिंत कोरडी झाली तर मी आभार मानीन.

तुझी,
वहिनी

दि. ११ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

छबूचा सा. न. वि. वि. विनंती एवढीच की त्या पेनवाल्यांना साहेब म्हणू नकोस. भिंतीला नुसता हात लावून जाणाऱ्याला आमच्याकडे पाहुणा म्हणतात.

पत्र आमच्या यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, भिंत बुजरी आहे, परका माणूस दिसला की गप्प बसते. मी हसले खरी, पण वहिनी, मला काळजी वाटते. दमट घरात तू एकटी. तो खोकला अजून आहे, ते तू लिहिलं नाहीस म्हणून मला कळत नाही असं समजू नकोस.

ती भिंत अशी सोलली जावी याचंही वाईट वाटलं. माझ्या धाकट्याच्या वेळी तू माझ्याकडे येऊन राहिलीस आणि परत गेलीस तेव्हा दादाने तुझ्यासाठी रंगवून ठेवली होती ती. तू किती हरखून लिहिलं होतंस, की ज्या माणसाने आयुष्यात कधी फूल आणलं नाही त्याने अख्खी भिंत आणली.

आता माझी अट ऐक. पुन्हा तक्रार दे. पण या वेळीही दुरुस्ती झाली नाही तर सामान बांधायचं आणि इकडे यायचं. पुढची खोली रिकामीच आहे. नाही म्हणायचं नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
छबू

दि. २६ फेब्रुवारी

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी अट मान्य आहे. मान्य म्हणताना पेन जड झालं, तरी मान्य. मी इथून हलायला तयार नाही हे तुला माहीत आहे. इथे मला कुठली फरशी हलते, कुठली खिडकी ओढून लावावी लागते ते अंधारातही कळतं. पण गळक्या भिंतीखाली हट्ट किती दिवस करणार?

आधी शिंपिणीची माफी. वर जाऊन विचारलं तर तिने मला घरभर फिरवून कोरडी फरशी दाखवली, आणि वर चहा पाजला. वाचनालयातून नळकामाचं पुस्तक आणलं. चित्रं कळली. आपल्या घरात मात्र चित्रातल्यासारखं काहीच नाही.

पेनवाले साहेब दुसऱ्यांदा येऊन गेले. या वेळी मी काही कमी ठेवलं नाही. कॉक दोन दिवस आधीच बंद केला. पोपडे खरवडून काढले, ओटा घासला, फॅन लावला. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि मागच्यापेक्षाही कोरडी आहे म्हणाले. हाताला चुना लागला म्हणून मी मगाने पाणी घातलं, त्यांनी हात धुतले. जाताना मला समजावून गेले की माणूस गेल्यानंतर घरात असे भास होतात, त्यांच्या आईलाही व्हायचे. वाईट हेतूने नाही म्हणाले. पण मी त्या दिवशी कितीतरी वेळ भिंतीसमोर स्टुलावर बसून होते. ओघळ मी पाहिला होता ना? पुसलेलं फडकं दोरीवर होतं. ते हातात घेऊन पाहिलं. तेही वाळलं होतं.

खिडकीतली बाई सांगते की तिसऱ्या खेपेलाही काही दिसलं नाही तर तक्रार कायमची बंद. मी बॅग काढून ठेवली आहे. तुझ्या दादांचा चष्मा कपड्यांत ठेवावा की पुस्तकांत, तिथेच अडले आहे.

तुझी गोंधळलेली,
वहिनी

दि. ५ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. बॅग होती तिथे ठेव. तुला भास होत नाहीत. तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले, मग जरा रडले.

वहिनी, गळतं आहे ते तुझ्याच नळाचं पाणी. साहेब यायच्या आधी तूच कॉक बंद करतेस, फॅनने भिंत वाळवतेस, मग ते काय बघणार? ते दुरुस्तीला येतच नाहीत गं. ते नुसते गळतंय का बघायला येतात. त्यांनी बघितलं तर मिस्त्री येणार. दादाची पद्धत मिस्त्रीसाठी होती, बघणाऱ्यासाठी नव्हती.

आता मी सांगते तेच करायचं. कॉकला हात लावायचा नाही. भिंत पुसायची नाही. पोपडे पडतील तिथे पडू देत. घर घाणेरडं ठेवायचं. जमेल? मला शंकाच आहे. इकडे यायचं की नाही ते त्यानंतर ठरवू. पुढच्या खोलीत मी अजून कुणाचा पाय पडू दिलेला नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझी शहाणी झालेली,
छबू

दि. २४ मार्च

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मला ओटा न पुसता राहायला लावणारी तू पहिलीच. साहेब यायच्या दिवशी मी हात मांडीखाली दाबून बसले होते. कॉकवरून जाताना तर कुणाचं तरी ऐकत नाही असं वाटत होतं.

साहेबांनी तळवा लावला आणि पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. कानावरचं पेन काढलं, लिहिलं, पुन्हा कानावर ठेवलं. मग मला म्हणाले, आई, तुमचं बरोबर होतं. मी म्हटलं, बरोबर होतं, पण तुम्ही आलात की मीच पाणी बंद करत होते. कॉक कुठे आहे हेदेखील त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

मिस्त्री काल आला. त्याच्यासाठी मात्र मी कॉक रीतसर बंद ठेवला होता. त्याने प्लास्टर फोडलं आणि मला हाक मारली. आत पाइपच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, वरून तारेने आवळलेली. तारेची टोकं आत वळवली होती, कुणाच्या बोटाला लागू नयेत अशी. तशी टोकं वळवणारा माणूस माझ्या माहितीत एकच. मिस्त्री म्हणाला, हे ज्याने बांधलं त्याने घाईत बांधलेलं नाही, इतकी वर्षं टिकलं. तो ते फेकू का म्हणाला. मी फेक म्हटलं. नवा सांधा बसला, वरून प्लास्टर झालं, आता भिंतीवर थेंबभरही पाणी येत नाही.

तेव्हापासून डोकं चालत नाही, छबू. मी तुझ्याकडे होते तेव्हा पाइप फुटला असणार. कुणाकडे काही मागायला जाणं तुझ्या दादांना जड जायचं, म्हणून ऑफिसात न सांगता स्वतःच फोडून, बांधून, लिंपून टाकलं असणार. मग रंग दिला. तो रंग माझ्यासाठी होता, की लिंपलेलं दिसू नये म्हणून होता? परत आले त्या दिवशी भिंत बघून मी दारातच तोंडावर हात धरला होता आणि ते मागे उभे होते, काहीच बोलले नव्हते. लाजले असं मला वाटलं होतं. विचारायला आता कुणी नाही. कधी वाटतं एक, कधी वाटतं दुसरं, आणि कधी वाटतं की दोन्ही एकाच डब्यातलं होतं.

बॅग परत माळ्यावर गेली. मी इथेच राहणार. चष्मा खिडकीत ठेवला आहे. पुढच्या खोलीत मुलांना झोपव, आणि तू एकदा इकडे ये, नळाला काय जोर आहे बघ.

उद्या रंगारी येणार. ऑफिसवाले पांढराच देतात, पण मी हट्ट धरून हिरवा घेतला आहे. रंगाऱ्यासाठी पाणी बंद करायची काही गरज नसते, उलट त्याला ते लागतंच, एवढं मला आता कळतं. तरी मघाशी जिन्यात जाऊन कॉक बंद करून आले. बादल्या भरून ठेवल्या आहेत. हसू नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वहिनी