व्यंकटचा उजवा पाय

अणदूर, ता. २२ जानेवारी १९६२

चि. व्यंकटास बिभीषणचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्वांची खैरियत आहे, तुमचीही तशीच असावी.

विशेष म्हणजे, मी तुझ्यावर नाराज आहे. तामलवाडीच्या शिवप्पांनी दिवाळीत तुझी लेक शारदा आपल्या मुलासाठी पाहिली, पसंत केली. मुलगा ग्रामसेवक, शांत, निर्व्यसनी, घरची बागाईत जमीन. संक्रांतीनंतर सुपारी फोडायची असं तुझ्याच तोंडून ठरलं. आणि आता तू एका ओळखीच्या माणसाबरोबर तोंडी निरोप धाडतोस की सध्या थांबा. का थांबायचं ते सांगत नाहीस.

परवा शिवप्पा स्वतः शाळेत आले. वर्ग सुटेपर्यंत लिंबाखाली उभे राहिले. आमच्याकडून बोलण्यात काही चुकलं का, असं त्यांनी मला विचारलं. एवढा मोठा माणूस, वयानं मला वडील, आणि असा प्रश्न मला विचारतो. मला खाली बघायची पाळी आली.

तुझी वहिनी महानंदा म्हणते की परंड्याला राहून व्यंकटभाऊजींना किल्ल्यातल्या नवाबाचं वारं लागलं, आता पाहुण्यांना ताटकळत ठेवायची हौस आलीय. मी तिला गप्प केलं, पण मलाही काही सुचत नाही. आपल्या धनगरवाड्यात मेंढरं सोडून मोटार हाकणारा तू पहिला. सगळे तुझं नाव घेतात. तुझ्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून लिहितो.

महानंदाने तीळगूळ धाडला आहे, फुटला असेल तरी गोड आहे. चि. सौ. हरणाबाईस व शारदेस आशीर्वाद. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझा,
बिभीषण

---

परंडा, ता. ३ फेब्रुवारी १९६२

तीर्थरूप दादांस व्यंकटचा शि. सा. नमस्कार विनंती विशेष.

तुमचं पत्र पावलं. तीळगूळ फुटला नव्हता. वहिनींना सांगा, नवाबाला उन्हात ट्रकच्या बॉनेटावर भाकरी खावी लागत नसते.

दादा, रागावू नका. शारदी अजून लहान आहे. शिवाय सध्या माणिकप्पा शेठच्या शेंगांचा हंगाम जोरात हाय. रोज पोती भरून कुर्डुवाडी स्टेशनला न्यायची, तिकडनं खताचा माल आणायचा. सुटी मागायला तोंड न्हाय. शिवप्पा पाहुण्यांना म्हणावं, चूक त्यांची न्हाय. आणखी काय सांगू.

माझी तब्येत चांगली हाय. रस्ता खराब असल्यामुळं अंग जरा आंबतं, ते सगळ्याच ड्रायव्हरांना हाय.

एक विचारायचं होतं, उगीच आठवलं म्हणून. आपल्या बापूचा पाय दुखायचा तो कोणता? सुरुवात खुब्यापासनं झाली होती का गुडघ्यापासनं? आणि दुखायला लागल्यावर किती वर्सांनी त्यांनी अंथरूण धरलं? सवडीनं लिहा, घाई न्हाय.

वहिनींना नमस्कार. लेकरांना पापा. लोभ कमी करू नये, एवढंच मागणं.

आपला धाकटा,
व्यंकट

---

परंडा, ता. ९ फेब्रुवारी

सौभाग्यवती महानंदा अक्काला हरणाबाईचा नमस्कार.

अक्का, म्या तिसरी शिकलेली, अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या. हे पत्र यांना ठाऊक न्हाय.

तुमी आमच्यावर रागावलाव ते बरोबर हाय, पण खरं काय ते ऐका. यांचा उजवा पाय गेल्या पावसाळ्यापासनं दुखतोय. खुब्यात कळ निघती ती मांडीच्या मागनं पोटरीत, पार टाचंला जाती. आधी संध्याकाळीच दुखायचा. आता गाडीत बसलं की तासाभरात पाय बधिर होतो म्हणत्यात. घरी आले की केबिनमधनं सरळ उतरता येत न्हाय. दोनी हातानं मांडी धरून पाय बाहीर काढायचा, दाराला धरून थोडं उभं ऱ्हायचं, मग चालायचं. शेजारच्यांनी बघू नये म्हणून गाडी बोळाच्या तोंडाशीच लावत्यात. म्या शेक देते, एरंडाचं पान बांधते, निर्गुडीचा पाला बांधला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

गेल्या महिन्यात सीना नदीच्या उताराला मेंढरं आडवी आली. लई मोठा कळप. यांनी ब्रेकवर पाय ठेवला तर पाय हाय का न्हाय तेच कळंना. डाव्या पायानं कसाबसा ब्रेक दाबला आन गाडी बांधाला नेऊन टेकवली. कुणाला काय झालं न्हाय. एक कोकरूसुदिक दुखावलं न्हाय. कळपामागं एक म्हातारी व्हती. ती शिव्या देईल असं यांना वाटलं, पर तिनं जवळ येऊन इचारलं, तुला लागलं का रं लेकरा. हे सांगताना यांच्या डोळ्याला पाणी आलं. आमच्या लग्नाला अठरा वर्सं झाली, म्या त्यांना रडताना कधी पाह्यलं नव्हतं.

आता मनातलं सांगते. यांना वाटतंय मामंजींचाच रोग यांना आलाय, हाड कुजायचा. मामंजी असेच पाय वढत चालायचे, मग पडून ऱ्हायले, मग गेले, असं सारखं म्हणत्यात. त्यो रोग रक्तातनं येतो आन उद्या शारदीलाबी येईल, मग तामलवाडीच्या लोकांना फसवून लेक कशी द्यायची, म्हणून सुपारी थांबवली. डाक्टरकडं चला म्हणलं तर जात न्हाईत. डाक्टरनं व्हय म्हणलं तर काय करू, असं म्हणत्यात.

शारदीला यातलं काय म्हाईत न्हाय. ती आपली मुकी मुकी असती, तिला वाटतंय पाहुण्यांनीच नाकारलं.

अक्का, दाजींच्या कानावर घाला. माझं नाव सांगितलं तरी चालंल. तुमची सावली आमच्यावर असू द्या.

तुमची,
हरणा

---

अणदूर, ता. १५ फेब्रुवारी १९६२

चि. व्यंकटास अनेक आशीर्वाद.

हरणाबाईने तिच्या जाऊबाईला पत्र लिहिलं. जाऊबाईला वाचता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे ते पत्र कुणासाठी होतं ते तू समजून घे. तिला एक शब्दही बोलायचा नाही. महानंदाला वाचून दाखवताना मी मध्येच थांबलो, तर तीच म्हणाली की पुढचं वाचा, थांबू नका.

आता नीट ऐक. बापूला कसलाही रोग नव्हता. तू तेव्हा पाळण्यात होतास. उन्हाळा होता, मेंढरांना पाला नव्हता. बापू ओढ्याकाठच्या मोठ्या बाभळीवर चढून फांद्या तोडत होता. फांदीसकट खाली आला, उजव्या खुब्यावर. मी खाली उभा होतो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा निजामीत आपल्याला कुठला डॉक्टर? हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडं बसलं. तेव्हापासून बापू पाय ओढत चालायचा. शेवटी अंथरुणाला खिळला तो तापानं, पायानं नाही. तू मोठा होऊन बघितलंस ते फक्त लंगडणं. घरात सगळ्यांना माहीत म्हणून कुणी तुला वेगळं सांगितलंच नाही. तुलाही माहीत असेल असं मी धरून चाललो.

गेले कित्येक महिने तू ही भीती एकट्यानं बाळगलीस, आणि मी तुझा थोरला भाऊ, रोज पोरांना इतिहास शिकवतो. आपल्याच घरातला तेवढा शिकवायचा राहिला.

पण तेवढ्यावर भागत नाही. तुझा पाय दुखतो हे खरंच आहे, आणि बधिर पायानं माल भरलेला ट्रक हाकणं हा गुन्हा आहे. म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत, मी देतो. आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही. माणिकप्पा शेठला मी वेगळं पत्र टाकलं आहे. येत्या रविवारी कुर्डुवाडीहून रेल्वेनं सोलापूरला ये. मी इकडून बसनं येतो. स्टेशनवर भेटू. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. नाही म्हणालास तर मी परंड्याला येऊन तुला उचलून नेईन, आणि बोळातल्या सगळ्या शेजाऱ्यांना ते दिसेल.

भिऊ नकोस. मी बरोबर आहे.

तुझा दादा,
बिभीषण

---

अणदूर, ता. २१ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. हरणाबाईस बिभीषणचे अनेक आशीर्वाद.

आधी महत्त्वाचं सांगतो, मग बाकीचं वाच. व्यंकटच्या हाडाला काहीही झालेलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरून आम्हांला दाखवला. खुबा, मणके, सगळं शाबूत आहे. क्षय नाही, कुजणं नाही, रक्तातला कुठलाही रोग नाही.

आता सविस्तर. रविवारची रात्र आम्ही धर्मशाळेत काढली. व्यंकटने जेवायला नको म्हटलं. मी जबरदस्तीनं अर्धी भाकरी खायला लावली. सकाळी दवाखान्यात आमचा नंबर लागला.

डॉक्टर वयस्कर, जरा तिरसट, पण हात हलका. त्यांनी त्याला पाठीवर निजवून पाय सरळ वर उचलला. थोडा उचलला तोच व्यंकटने कळीनं ओठ चावला. मग धंदा काय म्हणून विचारलं. ट्रक ड्रायव्हर म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढली आणि गाडी चालवतोस तसा यावर बस म्हणाले. आपला व्यंकट बसला की! उजवं कोपर खिडकीबाहेर टाकल्यासारखं, सगळं अंग उजव्या बाजूला कललेलं, सगळा भार उजव्या खुब्यावर, आणि पाय असा लांब ताणलेला की टाच जेमतेम टेकते. डॉक्टर त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. किती वर्षं असा बसतोस म्हणून विचारलं. अकरा, असं तो म्हणाला. मग डॉक्टर जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो: “अरे, तुला रोग नाही. तुला बसता येत नाही.”

खुब्यातून पायात एक जाड शीर जाते. रोज दिवसभर असं वाकडं बसून, त्यात रस्त्याचे धक्के खाऊन, ती दबली, सुजली. कळ टाचेपर्यंत जाते ती त्या शिरेची. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर पायातली ताकद गेली असती, असंही त्यांनी बजावलं. आता महिनाभर गाडी बंद. फळीवर निजायचं, शेकायचं, ओझं उचलायचं नाही. थोडं उतरल्यावर पाठीवर पडून गुडघा छातीशी घ्यायचा व्यायाम. कामावर गेल्यावर सीट पुढं ओढून घ्यायची, कमरेमागं घोंगडीची घडी, दोन्ही खुब्यांवर सारखा भार, आणि वाटेत गाडी थांबवून खाली उतरून चालायचं. पुन्हा कधीमधी दुखेल, तेव्हा घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही.

बाहेर आल्यावर व्यंकट दवाखान्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं कळ आली. तर त्याला हसू आलेलं. आधी नुसता हसला, मग त्याने ओंजळीत तोंड घातलं. मी शेजारी बसलो. नंतर तो म्हणाला की भूक लागली. हॉटेलात त्याने किती खाल्लं ते तुझ्या जाऊबाईला सांगू नकोस, ती म्हणेल माझ्या हातची भाकरी कुणाला गोड लागत नाही.

महिनाभर तो इथंच राहील. तुम्हांला काही लागलं तर माणिकप्पा शेठला सांगावं. त्यांचं मला उत्तर आलं, पायावर उभा राहीपर्यंत दुसरा माणूस बघतो, गाडी व्यंकटचीच, असं त्यांनी लिहिलं आहे.

मुली, तू पत्र लिहिलंस म्हणून हे झालं. शारदेला सगळं सांग, तिला पाहुण्यांनी नाकारलेलं नाही हे आधी सांग. आमची माया तुम्हांवर आहेच.

बिभीषण

---

परंडा, ता. ११ एप्रिल १९६२

तीर्थरूप दादांस व वहिनींस व्यंकटचा शि. सा. नमस्कार.

तुमच्याकडनं येऊन पंधरवडा झाला, आज लिहायला बसतोय. आधी गाडीचं सांगतो म्हंजे तुमची फिकीर मिटंल. सीट पुढं घेतली, वहिनींनी दिलेली घोंगडी कमरेमागं ठेवली. पहिल्या दिवशी सारखं कोपर खिडकीकडं जायचं, मग माझं मलाच हसू यायचं. सीनेच्या काठाला गाडी थांबवून थोडं फिरतो. हमाल चेष्टा करत्यात की ड्रायव्हर साहेब हवा खायला निघाले. करू द्या. संध्याकाळी खुब्यात जराशी रग लागती, पण टाचंपर्यंत कळ जात न्हाय आन पाय बधिर होत न्हाय. घरी आलो की आधी फळीवर पडून व्यायाम, मग च्या. हरणा उभी राहून बघती, एखाद्या मास्तरणीसारखी.

आता तामलवाडीचं. गेल्या रविवारी मी एकटाच गेलो. तुम्ही येतो म्हणाला होता, पण पाहुण्यांना ताटकळत मीच ठेवलं व्हतं, तर सांगायचंबी मीच पाहिजे असं वाटलं. शिवप्पा मळ्यात व्हते. त्यांच्या मालकीण नीलम्मांनी पाणी दिलं, पण मोकळं बोलल्या न्हाईत. मी वट्ट्यावर बसून दोघांना सगळं सांगितलं. बापूचं लंगडणं, माझी भीती, सीनेचा उतार, सोलापूरचे डॉक्टर. फोटो बरोबर नेला व्हता, तोबी दाखवला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आन शेवटी म्हणालो की पाय पुन्हा दुखणारच न्हाय अशी खात्री न्हाय, एखाद वेळी गाडी सोडावीबी लागंल. हे सगळं ऐकून तुमचं मन बदललं असंल तर माझा राग न्हाय.

शिवप्पा लई वेळ फोटोकडं बघत बसले. त्यांना त्यातलं काय कळलं असंल ते देव जाणे. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाले, “पाहुणे, आमी लेक मागितलीय, ड्रायव्हर न्हाय.”

नीलम्मा हसल्या आन आत जाऊन चुलीपुढं बसल्या. मला जेवल्याबिगर सोडलं न्हाय. अक्षय्य तृतीयेला सुपारी आन मृगाच्या आधी लगीन, असं ठरलंय. शारदीला सांगितलं, तर रात्रीच्या भाकरी तिनंच केल्या आन करताना गुणगुणत व्हती. हरणा मला खुणावत व्हती, ऐका म्हणून.

दादा, एक गोष्ट राहिली. मळ्यापासनं मोटारीचा रस्ता बराच लांब हाय. शिवप्पा मला सोडायला आले. पाऊसपाणी, ग्रामसेवकाची बदली कुठं होईल, वऱ्हाडाला पाणी कुठनं आणायचं, असं बोलत आलो. थांब्यावर पोचलो, गाडी दिसली, त्यांनी माझा हात धरला, आन तवा माझ्या ध्यानात आलं की एवढी वाट चाललो पण पायाची आठवणच झाली न्हाय.

लेकरांना आशीर्वाद. वहिनी, आता तुमच्या हातच्या पुरणपोळ्या लग्नातच खाईन. तुम्हा दोघांचा हात डोक्यावर असू द्यावा, धाकट्यानं आणखी काय मागावं.

तुमचा,
व्यंकट