पहिल्या नंबरची नळी

प्रिय तोफखाना,

पाकीट बघून तू आधी म्हणशील, फोन करायला हिचे काय हात मोडलेत? हात धड आहेत, गुडघे तेवढे कुरकुरतात. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. फक्त एक अट आहे. उभ्या उभ्या वाचायचं नाही. नातवाला लेकीकडे दे, खुर्ची ओढ आणि सरळ पहिल्या पानापासून वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

मागच्या फोनवर तू हसत हसत एक बोललीस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी बंद झालेली पाळी पुन्हा अधूनमधून दिसायला लागलीय, मी तरुण व्हायला लागले वाटतं, असं म्हणालीस आणि लगेच लेकीच्या नव्या पडद्यांवर घसरलीस. मीही तेव्हा हसले. नंतर स्वतःचाच राग आला. तीस वर्षं नर्स असलेल्या बाईनं हे हसण्यावारी न्यावं आणि तीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या बाईनं ते ऐकून घ्यावं, याला काय म्हणायचं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

असो. आधी बातमी. आपल्या प्रयोगशाळेला रंग दिलाय, फिकट हिरवा, दवाखान्यापेक्षा बालवाडी वाटते. मोठ्या मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या धाकट्या मॅडम जेमतेम पस्तिशीच्या आहेत, पण काम चोख. आणि आपला तो जुना फ्रीझर, ज्याचं झाकण तू ढोपरानं बंद करायचीस, तो अजून चालू आहे. त्यात आपल्या सहाशे नळ्या सात वर्षं तशाच पडून होत्या, कारण विषाणूचा नेमका कुठला प्रकार आहे हे सांगणारं मशीन आपल्याकडे नव्हतं. ते आता आलं. धाकट्या मॅडमनी सगळ्या नळ्या तपासल्या. जिल्ह्यातल्या बायकांमध्ये कुठला प्रकार किती पसरलाय, याचा तक्ता अखेर तयार झाला.

तो तक्ता हातात घेतला आणि मला ते सगळे दहा महिने आठवले. बारा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पन्नास नळ्या. गिरणीमागची वस्ती, खाणीजवळच्या खोल्या, मासळीबाजाराच्या वरचा तो हॉल, जिथून आल्यावर दोन दिवस माझ्या केसांना वास येत होता. पुढे जीप, मागे बर्फाची पेटी, मधे आपण दोघी आणि ती निळ्या चौकटींची चादर, जिचा आपण पडदा करायचो. नळ्या चढवताना तोंड फिरवणारे ड्रायव्हरकाका आठवतात? पेटीला ते 'बायकांचा डबा' म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत. सातव्या ठिकाणी मात्र स्वतःच्या बायकोला पुढच्या सीटवर बसवून घेऊन आले. तू त्यांची इतकी चेष्टा केलीस की बिचारे जेवायला आलेच नाहीत.

आणि तुझं ते भाषण! मला अजून तोंडपाठ आहे. बायका भिंतीला पाठ लावून बसलेल्या, नजरा जमिनीवर, आणि तू कमरेवर हात ठेवून उभी. 'अगं, हा विषाणू काय कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. ज्यांनी संसार केला त्यांच्यातल्या बहुतेकींना कधी ना कधी होऊन जातो. सर्दीसारखा येतो, बहुतेक वेळा आपला आपण जातो. काहींचा मात्र जात नाही, ठाण मांडून बसतो, आणि मग वर्षानुवर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकतो. तो किती जणींत बसलाय, एवढंच बघायचंय. कुणी आणला, कधी आणला, हे विचारायचं नाही. आम्ही तपासायला आलोय, घरात भांडणं लावायला नाही.' मग तो छोटा ब्रश सगळ्यांना दाखवायचीस. नमुना आपला आपण घ्यायचा, पाच मिनिटांचं काम, कुणी हात लावणार नाही. तरी कुणी हलायचं नाही. मग तू स्वतःच पडद्यामागे जायचीस. बाहेर येऊन नळी हलवत ओरडायचीस, 'बघा, जिवंत आहे मी! आता कोण?' बायका हसायच्या आणि एकेक उठायला लागायची. बाराही ठिकाणी तू पहिली गेलीस. तुझ्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आता माझं पाप. तुझी नळी फक्त दाखवण्यापुरती होती, ती कचऱ्यात टाकायची हे माझं काम. पहिल्या ठिकाणी, गिरणीमागच्या वस्तीत, घाईघाईत मी तिच्यावर एक नंबरची चिठ्ठी चिकटवून बसले. काढायला गेले तर ती फाटायला लागली. नंबर छापून आलेले, एक गाळला तर मोठ्या मॅडम माझीच शाळा घेतील. म्हटलं, राहू दे. नावं तर नव्हतीच, नुसतं वय लिहायचं होतं, ते मनानंच लिहिलं. आणि काय सांगू, त्या दिवशी दुपारी एकच्या आत सगळ्या नळ्या भरल्या. दुसऱ्या ठिकाणी मी नियमानं वागले, तुझी नळी टाकून दिली. संध्याकाळपर्यंत बायकांची वाट बघत माश्या मारत बसलो, आठवतं? तीन फेऱ्या माराव्या लागल्या तिथे. झालं, माझ्या मनानं घेतलं. तिसऱ्या ठिकाणापासून पहिली चिठ्ठी तुझ्याच नळीला. तुझ्या हातची बोहणी झाली की दिवस चांगला जातो, असं मी धरून चालले. विज्ञानाच्या कामात हे असलं! पण तुला सांगितलं असतं तर तू अख्ख्या दवाखान्यात दवंडी पिटली असतीस. मी गुपचूप दर वेळी तुला नवं वय देत गेले. एकेचाळीस, छत्तीस, बावन्न. खाणीजवळ तर तुला एकोणतीस वर्षांची केली आणि त्या दिवशी डब्यातला मोठा वाटा मला तूच दिलास.

सहाशेत एकीची सरमिसळ झाली तर काय बिघडतं, असं वाटायचं. एकीची नव्हे, अकरा वेळा एकीची, हे गणित मी केलंच नाही. परवा धाकट्या मॅडमनी मला बोलावलं. चहा दिला आणि तक्ता पुढे ठेवला. सहाशेपैकी बहात्तर जणींत विषाणू सापडला. सोळा नंबरचा प्रकार सगळ्यांत जास्त, पण कुठे चार, कुठे एकही नाही, जसं असायला हवं तसं. एकच प्रकार विचित्र वागत होता. तेहेतीस नंबर. अकरा ठिकाणी बरोब्बर एकेक, ना कमी ना जास्त, आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य. मॅडम म्हणाल्या, विषाणू असा वाटून दिल्यासारखा पसरत नाही, ताई. शिवाय अकराही वेळा नळी एक नंबरचीच कशी? माझा चहा तसाच गार झाला.

मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेन घेऊन अकरा ओळी खोडल्या. बहात्तरच्या एकसष्ट झाल्या आणि तेहेतीस नंबर तक्त्यातून नाहीसाच झाला. आपल्या सहाशेच्या यादीत तो फक्त तुझ्याकडे होता. तुझी तऱ्हाच वेगळी, हे मी आधीपासून म्हणतच आले. मग त्यांनी एवढंच विचारलं, ही बाई आता कुठे असते? दहा महिने ज्याचा मुक्काम हलला नाही, तो पुढेही हलला नसेल कदाचित. गेलाही असेल. कळायचा मार्ग एकच, तपासणी. घाबरवायचं नाही, पण उशीर करायचा नाही, असं दोनदा म्हणाल्या. तुझं ते पुन्हा रक्त दिसायला लागल्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग उद्यापेक्षा आजच.

भाऊजींना आता यात ओढू नकोस. तो माणूस गेला, आणि कुणी आणला, कधी आणला, हे विचारायचं नाही, असं तूच सहाशे जणींना सांगितलंस. तू विचारलंस तर मी तुझं भाषण तुला म्हणून दाखवीन. मला भीती वाटते आहे. तुझ्याशिवाय मला या जगात चष्मिस म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

बाराव्या ठिकाणी काय झालं होतं ते आता सांगते, कारण तू विसरली असशील. शेवटची नळी उरली होती. तू ब्रश माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, आज तरी ये पडद्यामागे, दर वेळी टेबलामागे लपतेस ती! मी म्हणाले, रजिस्टर पुरं करायचंय. तू मान हलवलीस आणि बाहेरून जाणाऱ्या एका बाईला हाक मारलीस. रजिस्टर केव्हाच पुरं झालं होतं. मला भीती वाटत होती, एवढंच. काल सकाळी मी धाकट्या मॅडमकडे गेले, त्यांच्याकडून ब्रश मागून घेतला आणि पडद्यामागे गेले. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी तुझ्या गावच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंशी बोलून पुढच्या गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. मी बुधवारी दुपारी तुझ्या दारात उभी असेन. त्याआधी फोन करून नाही म्हणू नकोस, मी उचलणार नाही. बारा वेळा तू आधी गेलीस, या वेळी मी आधी जाऊन आले. बघ, जिवंत आहे मी. आता तू.

तुझीच,
चष्मिस