दोनशे चौदा नंबर

तलासरी, होस्टेल
५ मे २०२५

ती. चंपाकाकीस,
शि. सा. न.

तू पाठवलेली बोंबलांची पिशवी अमृतकंडक्टरांनी होस्टेलच्या गेटवर आणून दिली. पिशवीत चिठ्ठी नव्हती, म्हणजे तू घाईत असणार. आमचे फोन अजून वॉर्डन चंद्राबाईंच्या कपाटात कुलपात आहेत, मैदानी चाचणी होईपर्यंत मिळायचे नाहीत. म्हणून हे पत्र त्याच रिकाम्या पिशवीत घालून परत पाठवते. आईला वाचून दाखव, पण खालचा आकडा जरा हळू सांग.

काकी, प्रवेश परीक्षेत मला त्रेचाळीस मार्क पडले. शंभरपैकी. हसू नकोस. क्रीडा कॉलेजला बाकीच्या मुलांना पन्नास लागतात, आणि जिच्याकडे जिल्ह्याचं किंवा राज्याचं पहिल्या तिघांतलं प्रमाणपत्र आहे तिला चाळीस चालतात. माझ्याकडे गेल्या वर्षीचं राज्यातलं तिसरं आहे, चालण्याच्या शर्यतीचं. म्हणजे मी फक्त त्या एका कागदावर उभी आहे. कागद पडताळणीत टिकला तर माझं नाव पात्र मुलांच्या यादीत येईल आणि मग चाचणी. नाही टिकला तर त्रेचाळीस मार्क घेऊन घरी. आमचे कोच नविनसर म्हणतात काळजीचं कारण नाही. पण ते असं म्हणताना खिडकीबाहेर बघतात, मग मला जास्तच काळजी वाटते.

तुझ्या रुपलला किती पडले? तिने माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केला होता. बाबांची बोट आली का? सगळं कळव.

तुझ्या उत्तराची गाडी बघत बसलेली,
निधी

झाई
७ मे २०२५

चि. निधीस,
अ. उ. आ.

त्रेचाळीस म्हणजे काय कमी झाले गो? मी सातवीत होते तेव्हा गणितात अकरा पडले होते आणि आज डहाणूच्या बाजारात माझा हिशोब कुणी चुकवून दाखवावा. तुझ्या आईने आकडा ऐकला, देवाला हात जोडले आणि परत पापलेट खवलायला बसली. तुझ्या बाबांची, धनेशभावजींची, बोट परवा आली, तेही खुशाल आहेत. तुझा बाप काय बोलणार, तो किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगतोय की पोरगी कॉलेजात लागली. अजून लागली नाही म्हटलं तर ऐकत नाही.

आता आमची बातमी. रुपलला सेहेचाळीस! पन्नासला चार कमी, म्हणून दोन दिवस उशीत तोंड घालून रडली. मग मलाच आठवलं. अगं, टीव्हीच्या वर लावलंय ना ते प्रमाणपत्र! जिल्ह्यात पहिली, तीन किलोमीटर चालणे, नाव रुपल. काढलं खाली, पुसलं, झेरॉक्स काढून आणल्या. मग तिलाही चाळीसच लागतात की नाही? दोघी बहिणी एका कॉलेजात, एका खोलीत राहाल, मला आणि तुझ्या आईला, कमळीला, जिवाला घोर नाही. पुढे दोघी शाळेत खेळाच्या मास्तरणी व्हाल.

चाचणीला चालून दाखवावं लागेल म्हणून रोज सकाळी ओहोटीला मी तिला वाळूवर चालवते. तुझ्यासारखी कंबर हलत नाही तिची, लाजते मेली. मी स्वतः चालून दाखवलं तर जाळी विणणारे सगळे उठून बघायला आले.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला दोन नारळ बोलले आहे. खात जा. पत्राऐवजी तुझ्या होस्टेलवर फोन केला असता, पण माझ्या फोनवर सगळा बाजार कान लावून असतो.

तुझ्यावर जीव असलेली,
चंपाकाकी

तलासरी
९ मे २०२५

ती. चंपाकाकीस,
शि. सा. न.

काकी, तुझं पत्र तीनदा वाचलं. ते प्रमाणपत्र लावू नकोस. हात जोडते.

ती शर्यत रुपल चालली नव्हती, मी चालले होते, हे तुलाही ठाऊक आहे. मैदानावर रुपलला ताप चढला, ती झाडाखाली थरथरत बसली होती, आणि मी तर नुसती तिची पिशवी धरायला आले होते. तूच म्हणालीस की एवढ्या लांब आलोय तर नंबर फुकट कशाला घालवायचा. दोनशे चौदा नंबर तूच माझ्या छातीवर टाचलास, पिना तुझ्या बांगडीत अडकवलेल्या होत्या. मला तेव्हा नियमही माहीत नव्हते. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा एवढंच रुपलने कानात सांगितलं. आणि मी पहिली आले. आपण येताना वडापाव खाल्ले, किती हसलो होतो! मला चालता येतं हे मला त्याच दिवशी कळलं, नाहीतर मी तलासरीला नविनसरांकडे कशाला आले असते?

पण आता ते हसण्यावारी राहिलेलं नाही. पडताळणीला स्पर्धेचा फोटो जोडावा लागतो. रुपलच्या शाळेत त्या शर्यतीचा फोटो भिंतीवर आहे, त्यात दोनशे चौदा नंबर घातलेली मी आहे. माझ्या फायलीतही माझा फोटो आहे. डावी मूठ तशीच वळलेली, दात तसेच ओठावर. दोन्ही फायली पालघरला एकाच टेबलावर जाणार. खोटं प्रमाणपत्र लावलं तर तीन वर्षं बंदी आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने खेळणाऱ्याला काय शिक्षा आहे ते विचारायची माझी सरांकडे हिंमत झाली नाही.

रुपलला पुढच्या वर्षी पन्नास पडतील, काकी. चारच तर कमी आहेत. मला जेवण जात नाहीये. लवकर लिही.

घाबरलेली,
निधी

झाई
११ मे २०२५

चि. निधीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. रुपलला वाचायला दिलं नाही, कमळीलाही नाही.

तुझा स्वतःचा कागद आहे ना गो, म्हणून तुला नियम सुचतात. त्या दिवशी तू तिच्या जागी चाललीस त्यात काय चोरी झाली? आपल्यात असंच चालतं. तुझ्या आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं तिला टोपली उचलायची नव्हती, तेव्हा बाजारातली तिची जागा कोणी राखली? ती जागा बळकावायला तिघी टपल्या होत्या. एक तर रोज पहाटे आधी येऊन पाट टाकायची. मी तिच्याशी झिंज्या धरून भांडले आहे. माझी जागा रुपलच्या आजीवर सोडली आणि मी कमळीच्या जागेवर बसले. तेव्हा कुणी विचारलं नाही की चंपा, तू कमळीच्या जागेवर कशी. बहिणीने बहिणीची जागा राखायची असते. तू एक शर्यत राखलीस. एवढ्यावरून मला बंदी आणि शिक्षा शिकवतेस?

फोटोत कोण आहे हे तिथल्या साहेबाला कळणार नाही. त्याला आपल्या झाईच्या सगळ्या पोरी सारख्याच दिसणार. तू फक्त तोंड बंद ठेव, एवढंच मागते. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

डहाणूच्या ज्युनिअर कॉलेजवाल्यांची पडताळणी एकोणीसला आहे, मी रुपलबरोबर जाते आहे. तलासरीवाल्यांची बावीसला आहे म्हणे.

सुकट पाठवली आहे. रागावले तरी उपाशी राहू नकोस.

काकी

झाई
१४ मे २०२५

प्रिय निधी,

आईने तुझं पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. आमच्या घरात लपवायला दुसरी जागा नाही, मी लगेच काढून वाचलं.

मलाही नको आहे गं ते प्रमाणपत्र. टीव्ही बघताना वर नजर जायची तेव्हासुद्धा मला लाज वाटायची. पाहुणे आले की आई दाखवायची आणि मी पाणी आणायला आत जायची. पण आईला नको कसं म्हणू? रोज सकाळी ती साडी खोचून माझ्यापुढे वाळूवर चालते, गुडघा सरळ ठेव, टाच आधी टेक असं ओरडते. तिचे गुडघे दुखतात, घरी आली की तेल चोळत बसते. तिला वाटतं मी बाजारात बसू नये. तिच्या डोक्यात तेवढं एकच आहे.

एकोणीसला काय होईल मला माहीत नाही. मला फार भीती वाटते. तुझं नाव मी सांगणार नाही, एवढं नक्की.

तुझीच,
रुपल

झाई
२० मे २०२५

चि. निधीस,
अ. उ. आ.

काल पालघरला जाऊन आलो. सगळं सांगते, मध्येच पत्र टाकून धावू नकोस.

चौथ्या नंबरला रुपलला बोलावलं. टेबलावर जाड चष्म्याचे साहेब होते. कागद बघितले, फोटो बघितला, सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं जिंकलो. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला आणि रुपलला सांगितलं, मोठ्याने वाच आणि सही कर. त्यात लिहिलं होतं की या स्पर्धेत मी स्वतः भाग घेतला. पोरीने वाचलं. पेन हातात घेतलं, 'रु' काढला आणि थांबली. पेन कागदावर तसंच धरून बसली, त्या दिवशी तापात झाडाखाली बसली होती ना, तशीच. माझ्याकडे बघेना, साहेबांकडेही बघेना.

तेव्हा मला काय आठवलं सांगू? तुझी आई दोन वर्षांनी बाजारात परत आली तो दिवस. टोपली घेऊन ती समोर उभी राहिली, आणि मी पाट उचलला आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. दोन वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला माझं नाव कमळी सांगितलं नव्हतं. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, ही माझ्या जावेची जागा आहे, ती आली की मी उठणार. राखलेली जागा परत द्यायची असते निधी, आणि मी तुझी शर्यत दोन वर्षं टीव्हीच्या वर टांगून ठेवली होती. तुला रागाने लिहिलं ते माझं चुकलं.

मी रुपलच्या हातातलं पेन काढून घेतलं. साहेबांना सांगितलं, ही चालली नाही, हिला ताप होता, दुसरी एक पोर चालली, आणि तिच्या छातीवर नंबर मी टाचला. त्या दोघी लहान होत्या, मी लहान नव्हते, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. साहेबांनी दुसरी पोर कोण ते विचारलं. मी म्हटलं ते नाव माझ्या तोंडून येणार नाही, मला पोलिसात द्या हवं तर. त्यांनी फॉर्म परत ओढून घेतला. मग प्रमाणपत्रावर आडव्या दोन रेघा मारल्या. कागद आपण होऊन परत केला म्हणून रुपलला बंदी नाही, पण यंदा सेहेचाळीसवर ती अपात्र.

येताना ती गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, महिन्यात पहिल्यांदा. मी काही झोपले नाही.

आता तू परवा जाशील. गप्प राहा. तुझा स्वतःचा कागद खरा आहे, तो दाखव, सही कर आणि ये. माझ्या गाढवपणाने तुझं वाटोळं झालं तर कमळीपुढे मी कुठल्या तोंडाने बसू?

तुझी,
काकी

तलासरी
२३ मे २०२५

ती. चंपाकाकीस,
शि. सा. न.

काकी, मी तुझं ऐकलं नाही. ओरडू नकोस, पूर्ण वाच.

तेच साहेब होते. माझं राज्याचं प्रमाणपत्र बघितलं, छान म्हणाले. मग तोच फॉर्म दिला. पण त्यात आणखी एक ओळ आहे, रुपल तिथपर्यंत पोचलीच नसणार. मी दुसऱ्या कोणाच्याही नावाने कधी खेळलेले नाही, अशी. ती वाचून माझे कान तापले. सही केली असती तर माझाही कागद तुमच्या टीव्हीवरच्या कागदासारखा झाला असता. रोज बघायला लागला असता.

मी सांगितलं की दोनशे चौदा नंबर मी होते. साहेबांनी कपाटातून तुमची फाईल काढली, दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाले की मूठ पाहून त्यांना एकोणीसलाच शंका आली असती, पण तेव्हा माझी फाईल त्यांच्याकडे नव्हती. माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. तेव्हा माझं वय किती होतं, नंबर कोणी लावला, मी ते प्रमाणपत्र कधी कुठे वापरलं का. वापरलं नाही, हे खरं आहे. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. समिती ठरवेल, यादी तीस तारखेला पालघरच्या ऑफिसबाहेर लागेल.

येताना गाडीत नविनसर खिडकीबाहेरच बघत होते. विवळवेढे आल्यावर मी खिडकीतून हात जोडले तेव्हा फक्त म्हणाले, हे मला आधी सांगायला हवं होतंस. मला रडू आलं. त्यांनी चारोटीला घेतलेली चिक्कीची पुडी माझ्या हातात दिली, ती अजून फोडलेली नाही.

मला फार भीती वाटते गं काकी. त्रेचाळीस मार्क आणि एक कागद, एवढंच होतं माझ्याकडे. तीस तारखेला आम्हाला होस्टेलबाहेर सोडणार नाहीत. तू जाऊन बघशील? बाबांना पाठवू नकोस, ते आकडे बघून गडबडतात.

तुझ्यावरच भिस्त असलेली,
निधी

झाई
३१ मे २०२५

चि. निधीस,
अ. उ. आ.

हे पत्र अमृतला मी हातात दिलं आहे आणि सांगितलं आहे की वाटेत कुठे चहाला थांबलास तर माझ्याशी गाठ आहे.

काल पहिल्या गाडीने गेले. टोपली घेतली नाही, तुझ्या आईला म्हटलं आज तू माझी जागा बघ. यादी दहा वाजता लावणार होते, अकरा वाजले. पोरं, बापे, सर, सगळे भिंतीला चिकटलेले. मी कोपराने वाट काढली, बाजाराचा तेवढा तरी उपयोग. चष्मा विसरले होते. मग बोट लावून एकेक नाव वाचत खाली आले.

सतराव्या नंबरला तू आहेस. निधी, पुढे बापाचं नाव, पुढे आडनाव, मार्क त्रेचाळीस, पात्र. शेजारी बारीक अक्षरात 'समज दिली' असं लिहिलंय. दिली तर दिली, समज आपल्या दोघींनाही हवीच होती. तिथेच भिंतीला टेकून रडले, एका अनोळखी बाईने पाणी दिलं. आता दहा जूनला चाचणीला तुझा स्वतःचा नंबर मिळेल. टाचण्याआधी नीट बघ, आणि पिना स्वतः लाव.

रुपल पुस्तकं घेऊन पुन्हा बसली आहे. पन्नास आणते म्हणते, कागदाशिवाय. माझ्याबरोबर सकाळी वाळूवर अजून येते, आता नुसती फिरायला.

एक गोष्ट तुला म्हणून सांगते, तिला सांगू नकोस. तुझं नाव सापडल्यावर मला निघायला हरकत नव्हती. रुपलचं नाव त्यात नसणार हे मला ठाऊक होतं, मीच तर ते काढायला लावलं. तरी मी यादी शेवटपर्यंत वाचली. मग परत वरून सुरुवात केली आणि पुन्हा शेवटपर्यंत वाचली.

आहे तसाच जीव लावत राहा,
तुझी चंपाकाकी