कोपऱ्यावर गेलेला डबा

आई, तुझ्या त्या डब्याने मला इतकी वर्षं पिडलं, आणि आज तो घरात नाही तरी पिडतोच आहे. तू सुरू करून मोकळी झालीस, निस्तरतोय मी.

आमच्या घरासमोर कोपऱ्यावर डेअरी होती, म्हणजे दूध-पाव-वर्तमानपत्राचं दुकान. भूकंपात ते पडलं आणि मागे राहिली मोकळी जागा, कुंपण आणि नारिंगी शंकू. न्यूझीलंडच्या या ख्राइस्टचर्चमध्ये तेव्हा सगळीकडे तेच होतं. मी दिवसभर लोकांच्या इमारतींचे पाये तपासायचो आणि तू खिडकीत बसून समुद्रावरच्या वाऱ्याला नावं ठेवायचीस. "अरे, इथे माणसं राहतात की नुसत्या गाड्या?" हे रोज संध्याकाळी मला ऐकावं लागायचं. मग त्या जागेवर लाकडी इमारत उभी राहिली. एक दिवस मी ऑफिसातून येतो, तर तू इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. हातात तो स्टीलचा डबा, मामाने तुझ्या लग्नात दिलेला, झाकणावर तुझं नाव कोरलेला. "समोर नवीन शेजारी आलेत. गोडाचा शिरा केलाय. चल, मला त्यांचं बोलणं कळत नाही."

आई, ते शेजारी नव्हते, ते रेस्टॉरंट होतं! मी तुला परोपरीने सांगितलं की तिथे लोक पैसे देऊन खायला जातात, आपण खायला घेऊन जायचं नसतं. तू म्हणालीस, "म्हणजे ते दिवसभर दुसऱ्यांना वाढणार. मग त्यांना कोण वाढतं?" मी चिडलो आणि चिडूनच तुझ्यामागे रस्ता ओलांडला. मालकीण स्वतःच स्वयंपाक करणारी होती, उंच, दंडावर गोंदलेली, आणि त्या वेळी शिडीवर चढून भिंत रंगवत होती. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार करत ती खाली उतरली, रंगाचा हात पँटला पुसला आणि बोटानेच शिरा खाल्ला. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ती डबा स्वच्छ धुऊन परत द्यायला आली, तर तू दोन्ही हात मागे घेतलेस.

"रिकामा डबा परत घ्यायचा नसतो. सांग तिला."

"आई, असं काय करतेस! धुऊन आणलाय तिने."

"सांग म्हणते ना."

सांगितलं. माझे कान लाल झाले होते. ती तुझ्याकडे बघतच राहिली, मग मोठ्याने हसली. "फेअर इनफ, आंटी," म्हणून परत गेली आणि डब्यात भाजलेला कुमारा घालून घेऊन आली. "अगं बाई, ही तर रताळी!" म्हणत तू ती दारातच खाल्लीस, वरचा रोझमेरी बाजूला काढत, "हा कसला पाला?" असं पुटपुटत. आता भरलेला डबा आपल्याकडे आला म्हटल्यावर तो परत भरून देणं आलं. मग तिनेही भरून देणं आलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी डबा रस्ता ओलांडायचा, आणि तुम्हा दोघींना एकमेकींचं एक वाक्य धड कळत नसताना तू तिच्या गुडघ्याचं दुखणं मला ऐकवायचीस.

तू भारतात परत गेलीस, पुढच्या वर्षी पुन्हा आलीस, पुन्हा गेलीस, आणि मग एका सकाळी तिकडून फोन आला. त्या दिवशीही डबा आमच्याच ओट्यावर होता, भरलेला. तेराव्यानंतर मी पुण्याहून परतलो तेव्हा तो धुऊन पालथा घातलेला होता. बायको म्हणाली, "तुझ्या आईचा डबा आहे, तू भर. मी यात पडणार नाही." तिचं काय चुकलं? पण तू जिवंत असताना मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाहीस. "पुरुषांची लुडबुड नको" म्हणायचीस. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला फोनवर मावशीला विचारून पोहे शिकावे लागले. नंतर उपमा, मसालेभात, थालीपीठ. पहिल्या थालीपिठापायी मी फ्राइंग पॅन घालवला. हे सगळं एका रेस्टॉरंटला खायला देण्यासाठी, ज्यांच्याकडे चार शेगड्या आणि दोन आचारी आहेत!

आणि तिचं चाललं म्हणून बाकीचे आले. आता आमच्या रस्त्यावर पिझ्झा आहे, रामेन आहे, वाइन बार आहे आणि एक ब्रंचवाला आहे, ज्याची रविवारची रांग आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसते, कुत्र्यांसकट. माझी गाडी लावायला जागा नाही. मोठ्या बशीत तीन चमचे भाजी येते आणि वर फुलं. तू असतीस तर विचारलं असतंस, ही देवाला वाहायची की खायची? कुणी कुणाच्या घरी जात नाही. "कोपऱ्यावर भेटू" म्हणतात. वाढदिवस कोपऱ्यावर, भांडणं मिटवायची कोपऱ्यावर, आपल्या मराठी लोकांचा दिवाळीचा फराळसुद्धा तिच्याच मागच्या खोलीत, आणि तो वाढायला तीच. गेल्या वर्षी ब्रंचवाल्याने स्टीलच्या डब्यात सॅलड द्यायला सुरुवात केली. मेन्यूवर नाव 'डब्बा'. आत क्विनोआ. मी घरी येऊन थयथयाट केला, तर तुझी नात म्हणते, "बाबा, चिल. इट्स काइंड ऑफ अ कॉम्प्लिमेंट." कसलं डोंबलाचं कॉम्प्लिमेंट.

खरा राग त्याचा नाही. खरा राग असा, की जिने हा कोपरा माणसांत आणला तिलाच आता तो परवडत नाही. इमारतीच्या मालकाला तिथे काहीतरी मोठं, चकचकीत हवं आहे. मागच्या महिन्यात डबा द्यायला आली तेव्हा तिने सांगितलं, इथून उठून आईकडे जाणार, पार दक्षिणेच्या टोकाला. आई म्हातारी झाली आहे म्हणे. मी "स्वीट ॲज" म्हणालो, म्हणजे इथल्या भाषेत "मस्तच". असं काही ऐकल्यावर हे म्हणायचं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

डबा माझ्याकडे होता. भरून दिला तर तो तिच्याबरोबर जाणार. तुझी दुसरी कुठलीही वस्तू या देशात माझ्याकडे नाही. आणि न भरता ठेवून घेतला, तर तू वरून काय काय बोलली असतीस ते मला तोंडपाठ आहे. चार दिवस मी त्या डब्याकडे बघून चिडचिड केली. शेवटी रविवारी शिरा केला. गुठळ्या झाल्या.

ती व्हॅनमध्ये खुर्च्या चढवत होती. उभ्यानेच बोटाने शिरा खाल्ला. "लम्पी," म्हणाली. "आंटीज् वॉझन्ट." मी म्हटलं, हा ताटलीत काढून घे आणि डबा मला दे, त्याच्यावर माझ्या आईचं नाव आहे.

"एम्प्टी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "नो वे, मेट. आंटी वूड किल मी."

मी म्हटलं, चालेल, या वेळी चालेल. तिने मागे वळून स्वयंपाकघरात पाहिलं. फळ्या पुसून ठेवलेल्या, भरायला चिमूटभर मीठसुद्धा उरलेलं नव्हतं. मग तिने झाकण घट्ट लावलं, तिला वाचता न येणाऱ्या तुझ्या नावावरून अंगठा फिरवला आणि डबा पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. "भरला की घेऊन येईन," म्हणाली. तुझा तो नियम तिला इंग्रजीत मीच सांगितला होता.

व्हॅन गेली. ब्रंचच्या रांगेतली दोन पोरं आमच्या भिंतीवर बसून तिच्या रेस्टॉरंटच्या बंद दाराचे फोटो काढत होती, त्यांना मी उठवलं. मग उगाच गाडी काढली आणि इंडियन दुकानात जाऊन आलो. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि फळीवर जागा करून दिली. आई, मी रव्याची दोन पाकिटं आणून ठेवली आहेत.