बारा इंचांची नळी

मंगळवार, दार्सैत (मस्कत), संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. आमच्या नेमबाजी क्लबातल्या सलमाची आज निवडचाचणी होती. कागदावर गोल भोकं नव्हतीच, सगळी आडवी, लांबट. गोळ्या हवेतच लोळल्या. आणि मॅनेजर कदमसाहेब सगळ्यांसमोर माझ्याकडे, क्लबच्या बंदूक-मिस्त्रीकडे, बोट दाखवून म्हणाले, "रायफल यानंच जोडलीय."

जोडली मीच. पण नळी कुणी निवडली? मी साहेबांना लिहून दिलं होतं: काडतूस टू-टू-थ्रीच ठेवा, पण जड, लांब गोळीला फिरकी जास्त लागते, म्हणून आतल्या खाचा आठ इंचांत एक फेरा देतील अशी नळी मागवा. यांनी बारा इंचांत एक फेरा देणारी आणली. का, तर ती लगेच मिळत होती!

मी गप्पच बसणार होतो. पण सलमा मान खाली घालून उभी होती. ती आडवी भोकं काय तिची चूक? सफाईची सळई घट्ट चिंधी लावून नळीत घातली, खूण केली आणि ओमानी कोचसमोर ओढली. खाचांबरोबर फिरत सळईचा फेरा पुरा झाला तो बरोबर बारा इंचांवर.

"खलास," कोच म्हणाले. "बॅरल बदलो. लडकी का टेस्ट फिर से."

निघताना कदमसाहेब माझ्यासाठी गाडीचं दार उघडून म्हणतात, "अरे, आधी बोलायचंस ना!"

मी त्यांच्या गाडीत बसलो नाही. टॅक्सी केली.